घरभाड्याची परिभाषा आणि घरमालकाचा जमाखर्च

एखाद्या व्यवहारात रूढ झालेले शब्द पाहिले असता त्या व्यवहाराचा इतिहास पुष्कळ अंशी उलगडतो. घर भाड्याने देणे हा असाच एक व्यवहार होय. घरमालक म्हणजे स्वस्थ बसून भाडे मोजणारा मनुष्य, असे चित्र मराठी समाजात फार काळापासून रूढ आहे. भाडेकरू हा नेहमी पीडित आणि मालक हा नेहमी सुखी, अशीही एक समजूत आढळते. मालकांच्या लोभाची आणि भाडेकरूंच्या हालांची उदाहरणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही, हे खरे आहे. तथापि भाड्याच्या घराची मालकी हा प्रत्यक्षात किती अडचणींचा व्यवहार आहे, त्यात पैसा कोठे अडकतो आणि कोठे गळतो, याची चर्चा मराठीत क्वचितच झालेली दिसते. या व्यवहारातील काही प्रमुख शब्दांच्या आधाराने त्या अडचणींचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन मुख्यतः मुंबई शहरापुरते मर्यादित असून तुलनेसाठी जरूर तेथे पुण्याचा उल्लेख केला आहे.

१. भाडे आणि भाडेकरू

‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ या शब्दापासून आला आहे. ‘भाटक’ म्हणजे वापराबद्दल द्यावयाचे मोल. मराठीत बैलगाडीचे भाडे, नावेचे भाडे, आगगाडीचे भाडे आणि घराचे भाडे यांना एकच शब्द लागतो. शेतजमिनीबद्दल द्यावयाच्या मोबदल्याला मात्र ‘खंड’ असा वेगळा शब्द आहे आणि तो देणारा तो ‘खंडकरी’. जमीन एका जागी राहणारी आणि तिच्यावर राबणारे कूळही पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे, म्हणून त्या संबंधाची परिभाषा निराळी राहिली. घराची गणना भाषेने वाहनांबरोबर केली. गाडीचा वापर संपला की भाडे संपते, तसेच घराचेही असावे, ही कल्पना त्यामागे आहे.

‘भाडेकरू’ या शब्दातील ‘करू’ हा प्रत्ययही याच अर्थाला पोषक आहे. यात्रेकरू, पहारेकरू, बिऱ्हाडकरू या शब्दांत हा प्रत्यय येतो. यात्रेकरू यात्रेपुरता असतो, पहारेकरू पहाऱ्यापुरता असतो. ‘बिऱ्हाड’ या शब्दाचा अर्थही तात्पुरता मुक्काम असाच आहे. बिऱ्हाड करावे लागते, हलवावे लागते, बदलावे लागते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण हेच सांगते. पुण्याच्या वाड्यांत राहणारा बिऱ्हाडकरू हा मालकाच्या शेजारी, त्याच नळावर पाणी भरणारा आणि त्याच चौकात वावरणारा असला, तरी तो केव्हातरी जाणारा मनुष्य आहे, हे दोघांच्याही मनात गृहीत असे.

अशा रीतीने मराठीची परिभाषा भाडेकरू हा जंगम आहे असे मानून चालते. घरमालकाचा मूळचा जमाखर्चही याच गृहीतावर आधारलेला होता. एक बिऱ्हाड गेले की खोलीला रंग द्यावा, कौले चाळावीत आणि नव्या बिऱ्हाडाला चालू दराने ती द्यावी, असा तो क्रम होता. विसाव्या शतकात कायद्याने हे गृहीत मुळापासून बदलले. पुढील विवेचनात ज्या अडचणी दिसतील, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या बदलात आहे.

२. चाळ : गुंतवणूक म्हणून

मुंबईत १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढील पन्नास वर्षांत कोकण, घाट व गुजरात येथून मजुरांचा ओघ शहराकडे वळला. या लोकांना राहण्यास जागा हवी होती आणि ज्यांच्याजवळ थोडाफार पैसा होता त्यांना तो गुंतविण्यास साधन हवे होते. चाळ ही या दोन गरजांतून जन्मास आली. मराठीत ‘चाळ’ या शब्दाचा दुसरा अर्थ पायांत बांधावयाच्या घुंगरांची माळ असा आहे. दोन्ही अर्थांत एकसारख्या वस्तूंची ओळ ही कल्पना समान दिसते. एकाच मापाच्या खोल्या, समोरून जाणारी सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक नळ व शौचकूप, अशी तिची रचना होती. बांधकामाचा खर्च कमी आणि भाडेकरूंची संख्या अधिक, हा या रचनेचा आर्थिक अर्थ होय.

या व्यवसायात तोटाही येऊ शकतो, हे फार लवकर दिसून आले. १९२० साली मुंबई सरकारने विकास खात्याची स्थापना करून वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ चाळी उभारल्या. त्याच ‘बीडीडी चाळी’ होत. त्यांत सुमारे सोळा हजार खोल्या होत्या. आरंभीच्या काळात त्यांतील पुष्कळ खोल्यांना भाडेकरू मिळाले नाहीत आणि भाडे खर्चाच्या मानाने कमी ठेवावे लागले. सरकारसारख्या मालकाला जो अनुभव आला तो खाजगी मालकालाही येत होता. फरक इतकाच की सरकारी तूट तिजोरीतून भरून निघत होती. खाजगी मालकाला ती सोय नव्हती.

खाजगी चाळींत मालक स्वतः क्वचितच राहत असे. भाडेवसुलीसाठी तो मेहता नेमी. थकबाकी, पाण्याचे तंटे, गळणारे छप्पर, या सर्व गोष्टी मेहत्याच्या वहीतून मालकापर्यंत पोहोचत. पुण्याच्या वाड्यातील मालक आणि बिऱ्हाडकरू यांचा संबंध समोरासमोरचा होता, तर मुंबईच्या चाळीत तो पावतीचा होता. ‘पावती’ हा शब्द ‘पावणे’, म्हणजे पोहोचणे, या धातूपासून झालेला आहे. रक्कम पावली, एवढाच तिचा मूळ अर्थ. पुढे मुंबईत पावतीवर ज्याचे नाव त्याचा खोलीवर हक्क, असा अर्थ तिला आला. मूळ भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाकडून भाडे घेऊन पावती त्याच्या नावे फाडण्यास मालक का कचरतो, याचे उत्तर या अर्थांतरात सापडते.

३. प्रमाण भाडे

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरटंचाई झाली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. तो तात्पुरता होता आणि कालांतराने संपुष्टात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुन्हा नियंत्रण आले आणि अखेरीस १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. या कायद्यातील मध्यवर्ती संज्ञा ‘प्रमाण भाडे’ ही आहे. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, ते सर्वसाधारणपणे प्रमाण मानावे, असे ठरले. ‘प्रमाण’ या शब्दाने एक न्याय्य माप सुचविले जाते. परंतु हे माप एका विशिष्ट दिवसाला खिळवलेले होते. हाही कायदा तात्पुरता म्हणूनच आला होता, आणि तरीही मुदतवाढी मिळत तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

याचा मालकाच्या हिशेबावर झालेला परिणाम उदाहरणाने लक्षात येईल. समजा, १९४० साली एका खोलीचे भाडे दहा रुपये होते. त्यातून सफाई, दिवाबत्ती, घरपट्टी आणि वार्षिक डागडुजी भागून काही शिल्लक राहत होती. पुढील काळात गवंड्याची मजुरी, लाकूड, चुना, सिमेंट, लोखंड, सर्वांच्या किमती अनेक पटींनी वाढल्या. कराच्या वाढीचा काही भार भाडेकरूवर टाकण्याची मुभा कायद्यात होती. मूळ भाडे मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिले. ज्या वर्षी डागडुजीचा खर्च भाड्याच्या शिलकेहून अधिक झाला, त्या वर्षापासून मालकाने दुरुस्ती थांबविली. यात सर्वच मालकांची दुष्टबुद्धी होती असे म्हणता येत नाही. ज्या वस्तूपासून उत्पन्न नाही, तिच्यावर खर्च करण्यास कोणताही हिशेबी मनुष्य तयार होत नाही.

महानगरपालिकेलाही याची झळ बसली. मालमत्ता कर हा जागेच्या करपात्र मूल्यावर, म्हणजे तिला मिळू शकणाऱ्या भाड्यावर, आधारलेला होता, आणि ते भाडेच गोठले असल्याने कराचे उत्पन्नही गोठले. मुंबईत २०१० सालापासून भांडवली मूल्यावर आधारलेली करपद्धती लागू झाली, तिच्यामागे हे एक कारण होते.

१९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या या तरतुदी कालौघात अवाजवी व मनमानी झाल्या आहेत, असे मत दिले. कायद्याची मुदत लवकरच संपणार होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून न्यायालयाने त्या तरतुदी तेव्हा रद्द केल्या नाहीत. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यात प्रमाण भाड्यासाठी १ ऑक्टोबर १९८७ ही तारीख घेण्यात आली आणि मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली.

ही सुधारणा वरवर पाहता मोठी वाटते, तथापि १९८७ साली प्रचलित असलेली जुनी भाडी ही बहुतांशी १९४० च्याच भाड्यांची छाया होती. दहा रुपयांवर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे. उदारपणे असे धरू की एका चाळीत चाळीस खोल्या आहेत आणि २००० साली प्रत्येकीचे भाडे शंभर रुपये होते. दरवर्षी चार टक्के चक्रवाढीने ते वाढले असे मानले, तर पंचवीस वर्षांनी प्रत्येक खोलीचे भाडे सुमारे २६७ रुपये होते आणि संपूर्ण चाळीचे वार्षिक उत्पन्न सुमारे १ लाख २८ हजार रुपये होते. एका सफाई कामगाराचे आणि एका रखवालदाराचे मिळून वर्षाचे वेतन या रकमेत भागणे कठीण. मग छपराच्या तुळया बदलण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

४. पागडी

कायद्याने जे मूल्य नाकारले ते व्यवहारात दुसऱ्या नावाने प्रकट झाले. त्याचे नाव ‘पागडी’ किंवा ‘पगडी’. डोक्यावरील पगडी हे मानाचे चिन्ह. जागा देताना मालकाला एकरकमी द्यावयाच्या पैशास हे नाव पडले आणि गुजरातीतही त्याच अर्थाने ‘पाघडी’ हा शब्द आहे. मुंबईच्या बाजारपेठेतील मराठी आणि गुजराती यांच्या निकट सहवासाची ही एक खूण म्हणावी लागेल. पैसा, लाच किंवा अधिमूल्य असे न म्हणता मानाचे नाव देण्यात एक प्रकारचा भाषिक संकोच आहे. १९४७ च्या कायद्याखाली अशी रक्कम घेणे गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या संकोचाचे कारण समजते.

पागडीच्या व्यवहाराचे स्वरूप असे : भाडेकरू मोठी रक्कम देऊन जागेत येतो आणि नंतर नाममात्र भाडे देतो. पुढे तो जागा सोडतो तेव्हा नव्या माणसाकडून पागडी घेतली जाते. तिच्यातील काही हिस्सा, सामान्यतः एक-तृतीयांशाच्या आसपास, मालकाला मिळतो आणि बाकीचा जाणाऱ्या भाडेकरूला. म्हणजे जागेच्या वाढलेल्या किमतीचा मोठा वाटा भाडेकरूकडे जातो. मालकाकडे इमारतीची जबाबदारी राहते आणि केव्हातरी होणाऱ्या हस्तांतराची आशा राहते. दुरुस्तीचा खर्च नियमित असतो, तर पागडीचे उत्पन्न अनियमित असते. या दोहोंचा मेळ कोणत्याही वहीत बसत नाही.

१९९९ च्या अधिनियमाने ही रूढी उघडपणे मान्य केली. त्यान्वये जागेच्या हस्तांतराबद्दल रक्कम घेणे भाडेकरूला आणि जागा देण्याबद्दल किंवा हस्तांतरास संमती देण्याबद्दल रक्कम घेणे मालकाला कायदेशीर झाले. गुन्हा म्हणून जन्मलेला शब्द अशा रीतीने अर्धशतकानंतर प्रतिष्ठित झाला.

पागडीच्या शेजारी ‘अनामत’ हा शब्द ठेवून पाहणे उद्‌बोधक आहे. अरबी ‘अमानत’ या शब्दातील म आणि न यांची अदलाबदल होऊन मराठीत ‘अनामत’ झाले. विश्वासाने ठेवलेली आणि परत करावयाची वस्तू, हा तिचा अर्थ. पागडी मालकाकडून परत मिळत नाही, अनामत परत मिळते. जेथे भाडेकरू राहून जाणार तेथे अनामत, आणि जेथे तो राहणारच तेथे पागडी, असा हा व्यवहारातील भेद आहे.

५. दुरुस्ती, उपकर आणि कोसळणारी इमारत

दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. मालकाने ती टाळल्यास भाडेकरूंनी नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद १९९९ च्या अधिनियमात आहे. परंतु एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. जेथे भाडेच दोन-तीनशे रुपये, तेथे त्याच्या चतुर्थांशात एक खिडकीही नीट होत नाही. तरतूद आहे, हक्क आहे, जबाबदारीही आहे. नाही तो पैसा.

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी १९६९ साली मुंबई शहरासाठी दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा होऊन त्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. पुढे ते १९७६ च्या अधिनियमान्वये निर्माण झालेल्या म्हाडाचा भाग बनले. जुन्या इमारतींवर ‘उपकर’ बसवून त्यातून दुरुस्ती करावी, अशी ही योजना आहे. म्हणून या इमारतींना ‘उपकरप्राप्त इमारती’ असे नाव पडले. योजनेच्या आरंभी त्यांची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. ‘उपकरप्राप्त’ हा शब्द मात्र अर्थाच्या दृष्टीने विचित्र आहे. इमारतीला उपकर प्राप्त होत नाही, तिच्यावर तो आकारला जातो. सरकारी भाषांतरात असे शब्द पुष्कळदा तयार होतात आणि रूढ झाले की त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

मंडळामुळे हजारो इमारती सावरल्या गेल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु मंडळाच्या खर्चास दर चौरस मीटरमागे मर्यादा आहे आणि शंभर वर्षांच्या लाकडी सांगाड्याला टेकू देण्याने त्याचे आयुष्य काही वर्षेच वाढते. शिवाय ही योजना केवळ मुंबई बेटापुरती आहे. पुण्याच्या वाडेमालकाला भाडेनियंत्रण लागू होते, पण त्याच्यासाठी उपकर नव्हता आणि मंडळही नव्हते.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार भागातील एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०१९ मध्ये डोंगरी येथे आणि जुलै २०२० मध्ये फोर्ट भागात अशाच दुर्घटना घडल्या. प्रत्येक वेळी दोष कोणाचा याची चर्चा झाली. मालक म्हणाला भाडे नाही, भाडेकरू म्हणाला मालक लक्ष देत नाही, आणि शासकीय यंत्रणेने नोटिशी दाखविल्या. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे या प्रश्नाचे खरे दुर्दैव आहे.

१९८६ साली म्हाडा अधिनियमात दुरुस्ती होऊन, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादन करण्याची तरतूद झाली. गोठलेल्या भाड्याच्या शंभरपट म्हणजे मालकाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही. मालकांनी या तरतुदीस आव्हान दिले आणि तो वाद तीन दशकांहून अधिक काळ चालला. त्यातून निघालेल्या तात्त्विक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय दिला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही संविधानाच्या अनुच्छेद ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा तो निर्णय होता. एका चाळीच्या भाड्यातून निघालेला वाद तीन शब्दांच्या अर्थनिर्णयापर्यंत पोहोचला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

६. ताबा

‘मालकी’ आणि ‘ताबा’ हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे असून मराठीच्या दरबारी व्यवहारातून रूढ झाले. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, ही स्थिती भाडेव्यवहाराचे सार होय. ताबा परत मिळविणे ही मालकाची सर्वांत कठीण अडचण आहे.

भाडेकरू भाडे देत आहे आणि देण्यास तयार आहे, तोवर त्याला काढता येत नाही. भाडे थकल्यासही आधी नोटीस द्यावी लागते आणि १९९९ च्या अधिनियमान्वये तिची मुदत नव्वद दिवसांची आहे. विनासंमती पोटभाडेकरू ठेवणे, जागा सहा महिने विनाकारण न वापरणे, शेजाऱ्यांस उपद्रव देणे, ही ताबा मागण्याची काही कारणे आहेत. मालकाला स्वतःसाठी जागेची वाजवी व खरीखुरी गरज असणे हेही एक कारण आहे. परंतु राहत्या जागेच्या बाबतीत तेथे न्यायालयाला दोन्ही पक्षांच्या हालांची तुलना करावी लागते. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. त्यानंतर अपील, त्यानंतर उच्च न्यायालय, असा प्रवास होतो. दावा लावणारा आणि निकाल ऐकणारा यांच्यात एका पिढीचे अंतर पडल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

‘पोटभाडेकरू’ हा शब्दही येथे पाहण्यासारखा आहे. पोटजात, पोटकलम, पोटहिस्सा यांप्रमाणे ‘पोट’ हे पद एका वस्तूच्या आत सामावलेली दुसरी वस्तू दाखविते. मालकाच्या दृष्टीने मात्र पोटभाडेकरू हा आत सामावत नाही. तो कालांतराने बाहेर येऊन स्वतंत्र हक्क सांगतो. २१ मे १९५९ पूर्वीच्या पोटभाडेकरूंना कायद्याने असे संरक्षण दिलेही.

७. परवाना आणि नवा घरमालक

जुन्या चाळींचा मालक आणि आजचा घरमालक यांत मोठा फरक आहे. आजचा मालक बहुधा मध्यमवर्गीय असून त्याने निवृत्तीची सोय किंवा मुलांसाठी ठेव म्हणून एखादी सदनिका घेतलेली असते. ती तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ने देतो. हा भाडेपट्टा नसून परवाना होय. भाडेपट्ट्यात जागेतील हितसंबंध हस्तांतरित होतो, परवान्यात केवळ वापराची अनुमती मिळते. करारावर कोणता शब्द लिहिला आहे यावरून हे ठरत नाही. उभय पक्षांचा उद्देश काय होता यावरून ते ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली एका हॉटेलातील जागेच्या खटल्यात सांगितले. तेथे कागदावर परवाना असे लिहिलेले असूनही न्यायालयाने तो भाडेपट्टा मानला.

याहून मोठा धक्का १९७३ साली बसला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने जागेत राहणाऱ्या सर्वांना कायद्याने भाडेकरू मानण्यात आले. एका दिवसात ‘परवानाधारक’ या शब्दाच्या जागी ‘भाडेकरू’ हा शब्द आला आणि मालकाचा ताबा परत मिळण्याचा मार्ग बंद झाला. रिकामे घर सुरक्षित आणि दिलेले घर धोक्याचे, ही मुंबईच्या मालकांची समजूत अशा अनुभवांतून दृढ झाली. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. घरटंचाई आणि रिकामी घरे एकाच शहरात का नांदतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

१९९९ च्या अधिनियमाने परवान्याला पुष्कळ स्थैर्य दिले. मुदत संपल्यावर परवानाधारक न हलल्यास मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार लेखी व नोंदणीकृत असणे मात्र बंधनकारक असून ही जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारामागे एक जुने कारण आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी आवश्यक होती, म्हणून लोक अकरा महिन्यांचा करार करीत. महाराष्ट्रात आता मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक आहे. तरीही अकरा महिने ही सवय कायम आहे.

या नव्या मालकाचा जमाखर्च कसा असतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. सदनिकेची किंमत एक कोटी रुपये आणि भाडे दरमहा २५,००० रुपये. वर्षाचे भाडे तीन लाख, म्हणजे किमतीवर तीन टक्के. परंतु एक बिऱ्हाड जाऊन दुसरे येईपर्यंत एक महिना जागा रिकामी राहिली असे मानले, तर हाती येतात २,७५,००० रुपये. गृहनिर्माण संस्थेची वर्गणी दरमहा चार हजारांप्रमाणे ४८,०००, मालमत्ता कर १२,०००, दलालाची एका महिन्याची दलाली २५,००० आणि रंगकाम, नळ, विजेची दुरुस्ती मिळून २०,००० असे धरले, तर खर्च १,०५,००० रुपये होतो आणि शिल्लक १,७०,००० रुपये उरते. त्यावर प्राप्तिकर आहे. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या २,६३,००० रुपयांवर सरसकट तीस टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च कमी असो वा अधिक, वजावट तेवढीच. करपात्र उत्पन्न होते १,८४,१०० रुपये. मालक वीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर अधिभार सोडून कर ३६,८२० रुपये होतो आणि हाती १,३३,१८० रुपये राहतात. म्हणजे एक कोटीवर सुमारे एक व एक-तृतीयांश टक्का. सदनिका कर्जाने घेतलेली असल्यास व्याजाचा हप्ता भाड्याहून कितीतरी अधिक असतो आणि तूट मालकाला पगारातून भरावी लागते. जागा स्वतः वापरत नसल्याबद्दल संस्था त्याच्याकडून ‘बिनभोगवटा शुल्क’ही घेते. महाराष्ट्रात त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे.

या हिशेबाचा अर्थ असा की आजची सदनिका ही भाड्यासाठी घेतलेली वस्तू राहिलेली नाही. तिची किंमत वाढेल या आशेवर मालक टिकून असतो. किंमत न वाढल्यास त्याची गुंतवणूक बँकेतील ठेवीहूनही कमी फळ देते. जुन्या चाळमालकाची आशा पागडीवर होती, नव्या मालकाची ती किंमतवाढीवर आहे. नियमित भाड्यातून घराचा निर्वाह व्हावा, ही मूळ कल्पना दोघांच्याही व्यवहारात क्षीण झालेली दिसते.

८. उपसंहार

मराठीच्या परिभाषेने भाडेकरूला जंगम मानले. १९४७ च्या कायद्याने त्याला स्थिर केले, कारण फाळणी आणि युद्धोत्तर टंचाईच्या काळात हजारो कुटुंबांना रस्त्यावर येऊ न देणे आवश्यक होते. त्या संरक्षणाची किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न मात्र त्या वेळी पुढे ढकलला गेला. ती किंमत प्रथम मालकाने दिली, नंतर इमारतीने दिली आणि अखेरीस पुष्कळ वेळा त्या इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूनेच दिली. परवान्याच्या पद्धतीने भाडेकरूला पुन्हा जंगम केले आहे. आज अकरा महिन्यांनी घर शोधत फिरणारे कुटुंब आणि गळक्या छपराखाली तीन पिढ्या राहिलेले कुटुंब, ही एकाच अपुऱ्या हिशेबाची दोन टोके आहेत.

भाडे ठरविताना त्यात तीन गोष्टींचा समावेश असला पाहिजे : जागेच्या वापराचे मोल, मालकाच्या भांडवलाचा वाजवी मोबदला आणि इमारत उभी ठेवण्याचा खर्च. पहिल्या गोष्टीला मराठीत ‘भाडे’ हा शब्द आहे. दुसरीला ‘व्याज’ किंवा ‘नफा’ म्हणता येईल. तिसरीला मात्र भाडेव्यवहाराच्या रूढ परिभाषेत स्वतंत्र शब्द नाही. तिचा समावेश ‘भाडे’ या शब्दात आपोआप होतो असे सर्वांनी धरून चालले. तिचा वेगळा हिशेब कोणी ठेवला नाही आणि भाडे गोठले तेव्हा प्रथम तीच नाहीशी झाली. घरभाड्याचा कोणताही नवा कायदा करताना किंवा साधा करार लिहिताना या तिसऱ्या गोष्टीची नोंद स्वतंत्रपणे आणि स्पष्ट शब्दांत करणे, हे मालक व भाडेकरू या उभयतांच्या हिताचे आहे.